जुनी बशी ओळखायची तर चित्र सोडा, काठ बघा

माझ्याकडे विलो पॅटर्नच्या, म्हणजे निळ्या चिनी धाटणीच्या चित्राच्या, चार बशा होत्या, त्या सहा करायच्या म्हणून मी ऑनलाइन दोन मागवल्या, फोटोत चित्र अगदी तेच, पुलावरची तीन माणसं, वर उडणारे दोन पक्षी, निळा रंगही जुळता, आणि पार्सल उघडून आधीच्या बशांवर ठेवल्या तर बसेचनात, नुसत्या खडखडायला लागल्या. माझ्या चौघींचा काठ किंचित लाटांचा आणि या दोघींचा सरळ गोल. शिवाय या नव्या जास्त खोल. विकणाऱ्याला बोलायलाही तोंड नव्हतं, कारण त्याने खोटं काहीच लिहिलं नव्हतं, विलोच होत्या त्या. हा पॅटर्न १७९० च्या सुमारास स्पोड नावाच्या इंग्लिश कारखान्याने काढला आणि मग इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यातल्या इतक्या कारखान्यांनी छापला की नुसतं विलो म्हणणं म्हणजे नुसतं नऊवारी म्हणण्यासारखं आहे, कुठली ते काठपदर बघितल्याशिवाय कसं कळणार?

तर हे त्या फजितीनंतर शिकलेलं. मी राहते इंग्लंडात, मिडलंड्समध्ये, स्टोक-ऑन-ट्रेंट इथून फार लांब नाही, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांच्या गावाच्या शेजारीच म्हणा ना, आणि रविवारी सकाळी कार बूट सेलला जाऊन लोकांच्या गाडीच्या डिकीतून बशा उपसणं हा माझा छंद आहे. आई फोनवर विचारते, अगं एवढ्या बशा कशाला, जेवणार कोण आहे त्यात? उत्तर नाहीये माझ्याकडे.

आधी एक गोष्ट समजून घ्या म्हणजे बाकीचं सोपं जातं. बशीचा शेप साच्यातून येतो आणि चित्र नंतर चढतं. ट्रान्सफर प्रिंट म्हणजे तांब्याच्या कोरलेल्या प्लेटवरून पातळ कागदावर शाई उतरवायची आणि तो कागद बशीवर चिकटवून घासायचा. त्यामुळे एकाच साच्याच्या बशीवर डझनभर वेगवेगळी चित्रं सापडतात आणि एकच चित्र वेगवेगळ्या साच्यांवर. म्हणून चित्र जुळलं तरी सेट जुळेलच असं नाही. (काठावरची छापील पट्टी तुकड्यातुकड्यांनी लावायचे, नीट बघितलं तर कुठेतरी वेलीचं पान अर्धवट कापलेलं आणि पुढचं भलतीकडूनच सुरू झालेलं दिसतं, तो सांधा सापडला की मला फार आनंद होतो कारण तिथे कोणाच्या तरी हाताची घाई दिसते.)

आता बशी हातात घ्या आणि डोळ्यांच्या रेषेत आडवी धरा. वरून नाही, बाजूने बघायचं. सपाट तळ, मग एक चढ, मग बाहेर पसरलेला वेगळा काठ असं दिसलं तर ती रिमवाली बशी. तळ हळूहळू वर वळत कडेला येऊन संपला, वेगळा काठ असा नाहीच, तर तो कूप शेप. अंगठा मधून कडेकडे सरकवून बघा, रिमवाल्या बशीत एका जागी तो अडतो, कूपमध्ये घसरगुंडीसारखा सरळ वर जातो. इंग्लंड-अमेरिकेच्या रोजच्या जेवणाच्या बशांमध्ये कूप शेपची लाट आली ती साधारण दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, म्हणून कोणी कूप बशी व्हिक्टोरियन म्हणून विकत असेल तर हसून पुढे जा.

रिमवाली असेल तर पट्टी काढा आणि मोजा. पूर्ण रुंदी, तळाची रुंदी, आणि काठाची रुंदी, तिन्ही मिलिमीटरमध्ये. जेवणाची बशी साधारण १० इंची, ८ इंचाची सॅलडची, ६ इंचाची ब्रेडची, हे सगळ्यांना माहीत असतं, पण दोन १० इंची बशांमध्ये एकीचा काठ बोटभर रुंद आणि दुसरीचा दोन बोटं असतो आणि खडखडाट होतो तो तिथेच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनही करून ठेवा, फार उपयोगी पडतं.

मग काठाचं बाह्यरूप. बशी पालथी कागदावर ठेवून पेन्सिलने कडेकडेने रेघ मारा, ती उचलल्यावर कागदावर जे उरतं ते खरं, कारण वरून बघताना नक्षी डोळ्याला फसवते. रेघ साधी गोल आली, लाटांची आली, कंगोऱ्यांची आली की कोनाकोनांची आली ते बघा आणि कंगोरे मोजा, हो, खरंच मोजा. शेली या इंग्लिश कंपनीच्या डेंटी शेपला सहा पाकळ्या असतात, १८९६ मध्ये रोलंड मॉरिसने केलेला तो शेप, तेव्हा कंपनी वाइलमन नावाने चालायची. चुणीदार काठ बाकीच्यांनीही काढले आणि दुकानात सगळ्यालाच शेली टाइप म्हणतात, पण सहाच्या जागी आठ किंवा बारा निघाल्या तर ती डेंटी नाही, विषय संपला.

बाह्यरूप एक आणि काठावरची उठावाची नक्षी दुसरी, या दोन्हीची गल्लत करू नका. उठाव बघायला बशी खिडकीजवळ तिरकी धरा, उजेड कडेने यायला हवा, ट्यूबलाइटखाली सगळं सपाट दिसतं. करंजीला मुरड घालतो तशी चिमटलेली कड असेल तर तिला इकडे पाय-क्रस्ट म्हणतात, पाय नावाचा इंग्लिश पदार्थ असतो त्याची कड. तिरक्या फुगीर पाकळ्यांची रांग, दोरीला पीळ दिल्यासारखी, ती गॅड्रून. बारीक मण्यांची लड ती बीडेड. काठ आरपार कोरून जाळी केलेली असेल तर पिअर्स्ड किंवा रेटिक्युलेटेड, रॉयल कोपनहेगनच्या फुल लेसमध्ये ती दिसते. टोपलीच्या विणीसारखा उठाव जर्मनीतल्या माइसेन कारखान्याने १७३० च्या दशकात आणला, ओझिअर म्हणतात त्याला, आणि नंतर युरोपभर त्याच्या नकला झाल्या म्हणून नुसत्या विणीवरून माइसेन म्हणून उड्या मारू नका. काठभर बारीक उभ्या पन्हाळ्या आणि साय रंग असेल तर वेजवुडचा एड्मी शेप असू शकतो, तो १९०८ चा, आणि चित्र नसतानाही सुंदर दिसणाऱ्या थोड्या बशांपैकी एक.

आता माझा लाडका काठ, शेल एज. शिंपल्याची कड. पांढरी बशी, मधे बहुतेक वेळा काहीच नाही, फक्त काठावर आत ओढल्यासारख्या बारीक रेघा आणि त्यावर निळा किंवा हिरवा रंग. १७७० च्या दशकापासून हे स्टॅफर्डशरमध्ये सुरू झालं आणि स्वस्त होतं म्हणून घरोघरी गेलं, जहाजं भरभरून अमेरिकेलाही गेलं, त्यामुळे तिथे जुनं घर खणलं की याचे तुकडे निघतात आणि पुरातत्त्ववाले काठावरूनच साल काढतात. कसं ते बघा. साधारण १८१० पर्यंतच्या बशीचे कंगोरे मुद्दाम वेडेवाकडे, खऱ्या शिंपल्यासारखे, एक मोठा एक छोटा. १८०० ते १८४० च्या बशीचे कंगोरे एकसारखे, मापात कापलेले. १८२० नंतर काही वर्षं रेघांऐवजी पिसं, माशाची खवलं, पानांचे हार असला उठाव येतो. १८४० च्या पुढे कंगोरेच जातात, कड सरळ गोल होते, रेघा तेवढ्या राहतात. आणि १८६० नंतर रेघाही जातात, सपाट बशीवर नुसते रंगाचे फटकारे, म्हणजे शिंपला गेला आणि त्याचं नाव राहिलं. हिरवा रंग १८४० नंतर क्वचितच दिसतो. रंग कसा लावलाय तेही बघा, जुन्यात ब्रश कडेकडून आत ओढलेला असतो, एकेक फटकारा वेगळा दिसतो, नंतरच्यात बशी फिरवून कडेला ब्रश नुसता टेकवलेला, सलग पट्टा. आणि बशी पालथी करून बुडाच्या कडेच्या खाचेत बघा, तिथे ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, साचलेलं असतं, निळसर झाक असेल तर पर्लवेअर, पिवळट-हिरवट असेल तर क्रीमवेअर, ही मातीच्या बशांच्या दोन प्रकारांची नावं. एकदा मला शेल एजचा एक तुकडाच मिळाला होता, अख्खी बशी नाही, तीन कंगोरे असलेला तळहाताएवढा तुकडा, तिन्ही वेगवेगळ्या मापाचे, फुकट दिला त्या आजोबांनी, आणि तो माझ्या कपाटात अख्ख्या बशांच्या पुढे ठेवलाय.

पांढरी जाड आयर्नस्टोन, म्हणजे दगडासारख्या टणक मातीची बशी, उचलताच कळते, मनगटाला जाणवते. १८४० च्या दशकातल्या बऱ्याच बशा कोनाकोनांच्या असतात, गॉथिक म्हणतात त्यांना. नंतर शेपना नावं द्यायची पद्धत पडली आणि नाव कधीकधी मागेच छापलेलं असतं. टी अँड आर बूट कंपनीचा सिडनहॅम शेप १८५३ चा, क्रिस्टल पॅलेस ही लंडनची काचेची प्रदर्शन-इमारत तेव्हा सिडनहॅमला हलवत होते. सीरिझ शेप म्हणजे गव्हाच्या ओंब्या, तो एल्समोर अँड फॉर्स्टर कंपनीने १८५९ मध्ये रजिस्टर केला. यात चित्र नसतंच, सगळा खेळ उठावाचा, म्हणून शिकायला पांढऱ्या बशा सगळ्यात चांगल्या असं माझं मत, चित्राचा मोहच नाही.

विसाव्या शतकातल्या तर लांबून ओळखू येतात. चौकोनी किंवा आयताकृती बशी आणि मधे गोल खळगा, तो क्लॅरिस क्लिफ या डिझायनरचा बिआरिट्झ, १९३० च्या दशकातला. कोपरे गोलसर झालेली, जुन्या टीव्हीच्या स्क्रीनसारखी, काठ नसलेली बशी असेल तर मिडविंटर कंपनी आठवा. रॉय मिडविंटर १९५२ मध्ये अमेरिकेला जाऊन आला, तिथले शेप बघून त्याने १९५३ ला स्टाइलक्राफ्ट आणि १९५५ ला फॅशन शेप काढला. आणि काळ्या-पांढऱ्या फर्निचरच्या चित्रांची होममेकर, एनिड सीनीचं डिझाइन, १९५७ पासून वूलवर्थ्सच्या दुकानांत स्वस्तात विकली गेलेली, ती गोल आणि कूप. अमेरिकन फिएस्टा १९३६ ची, एकात एक गोल कडी, ती सांगायलाच नको.

मागचा शिक्का मी मुद्दाम शेवटी ठेवलाय कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. शिक्क्यात कधीकधी कंपनीच्या स्थापनेचं साल असतं, ते बशीचं साल नाही. नुसतं इंग्लंड लिहिलेलं असेल तर बहुतेक १८९१ नंतरची, अमेरिकेच्या कायद्याने देशाचं नाव लागायला लागलं म्हणून, आणि मेड इन इंग्लंड म्हणजे बहुतेक विसावं शतक. पतंगासारखी चौकोनी खूण म्हणजे १८४२ ते १८८३ मधलं डिझाइनचं रजिस्ट्रेशन, त्यात १८६७ पर्यंत वर्षाचं अक्षर वरच्या टोकाला आणि नंतर उजवीकडे. १८८४ पासून नुसता नंबर येतो, डेंटीचा २७२१०१. पण नंबर डिझाइन कधी नोंदवलं ते सांगतो, तुमची बशी त्यानंतर तीस-चाळीस वर्षांनीही बनलेली असू शकते. आणि मागे डिशवॉशर सेफ छापलेलं असताना आजीच्या आजीची म्हणून सांगणारेही भेटलेत मला.

घेण्याआधी कडेवरून बोट फिरवा, पूर्ण गोल. एखाद्या जागी कड बोथट, खरखरीत, बिनचकाकीची लागली किंवा सोनेरी रेघ मधेच गायब झाली तर टवका उडालेला घासून सपाट केलाय, आणि कधी एक कंगोराच कमी असतो, म्हणूनही मोजायला सांगितलं. मग मडकं वाजवून घेतो तशी बशी वाजवा, बोटांच्या टोकांवर तोलून नखाने टिचकी मारायची, खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर केसाएवढा तडा कुठेतरी आहे. अर्थात मातीची बशी बोन चायनाएवढी वाजत नाही, त्यामुळे आधी मागून मोबाइलचा टॉर्च लावा, टॉर्च आणि बशीच्या मधे बोट धरा, पुढून त्याची सावली दिसली तर बोन चायना किंवा पोर्सलेन. मुंबईत चोर बाजारात मटण स्ट्रीटला फिरताना पण हेच करायचं, पाठीवर निप्पॉन लिहिलेली जपानी बशी मिळाली तर ती साधारण १८९१ ते १९२१ मधली.

ऑनलाइन घेताना विकणाऱ्याकडून तीन फोटो मागा: बाजूने डोळ्यांच्या रेषेत, काठाचा जवळून तिरक्या उजेडात, आणि पट्टी ठेवून पालथ्या बशीचा. चित्राचा फोटो तो न मागता पाठवतोच. आणि फार जुन्या, ग्लेझला बारीक तड्यांची जाळी पडलेल्या बशीत लोणचं, लिंबाचं काही वाढू नका, तेव्हाच्या ग्लेझमध्ये शिसं असायचं, भिंतीवर लावा हवं तर.

त्या दोन सरळ काठाच्या विलो अजून आहेत, एकीवर खिडकीतली कोथिंबिरीची कुंडी आहे, दुसरी कपाटात. रुंदी २५० मिलिमीटर, तळ १७०, काठ ४०, मागे तीन बारीक फोड, भट्टीत ज्या तिकाटण्यावर ठेवली होती त्याचे. आता त्यांच्याच जोडीच्या चार शोधतेय.