सोसायटीच्या बोअरमध्ये गच्चीचं पाणी कसं सोडावं

जगात उपसल्या जाणाऱ्या भूजलापैकी जवळपास पाव हिस्सा एकटा भारत उपसतो. त्यात पुण्याची अडचण वेगळी आहे. इथे खाली बेसाल्टचा कातळ. पाणी असतं ते वरच्या मुरमात, कातळाच्या भेगांमध्ये आणि दोन लाव्हाथरांच्या सांध्यात. त्यामुळे ३०० फुटांवर आटलेली बोअर ६०० फुटांपर्यंत नेली म्हणून पाणी लागेलच असं नाही, आणि प्रत्येक बोअर पावसाचं पाणी पोटात घेईलच असंही नाही. म्हणून फिल्टरचा खड्डा खणण्याआधी बोअर तपासा. बहुतेक सोसायट्या नेमकी हीच पायरी गाळतात.

मे महिन्यात पंप रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी वजन बांधलेल्या टेपने पाण्याची पातळी मोजा. मग स्वच्छ पाण्याचा १०,००० लिटरचा टँकर मागवून पाणी हळूहळू बोअरमध्ये सोडा. सहा इंची बोअरमध्ये मीटरला साधारण १८ लिटर पाणी मावतं. म्हणजे १०० मीटरची कोरडी बोअर १,८०० लिटरमध्येच भरते. तेवढ्यात पाणी तोंडाशी आलं आणि तासाभरानेही उतरलं नाही, तर खाली अखंड कातळ आहे; त्या बोअरवर खर्च करू नका. पाणी उतरत असेल तर धार अशी ठेवा की पातळी ना चढेल ना उतरेल. त्या वेळी तासाला किती लिटर जातंय तो आकडा लिहून ठेवा, पुढची सगळी रचना त्यावरच ठरते.

आता गच्ची. शहरात वर्षाला सुमारे ७०० मिमी पाऊस धरला (पश्चिमेकडे जास्त, पूर्वेकडे कमी) आणि २० टक्के वाया गेला, तर १०० चौरस मीटरवरून ५६,००० लिटर मिळतं. पण पाइप आणि फिल्टर वार्षिक आकड्यावर नव्हे, सरीच्या जोरावर ठरवायचे. तासाला ५० मिमीची सर आली की तेवढ्याच गच्चीवरून तासाला ५,००० लिटर येतं. बोअर ३,००० घेत असेल तर उरलेल्या पाण्यासाठी पावसाळी गटारात जाणारा ओव्हरफ्लो हवाच. नाहीतर ते पार्किंगमध्ये येईल.

पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढा. पुण्यातल्या गच्च्यांवर कबुतरांची विष्ठा आणि बांधकामाची धूळ भरपूर. पहिले १ ते २ मिमी सोडायचे, म्हणजे १०० चौरस मीटरमागे १०० ते २०० लिटर. ११० मिमीचा मीटरभर उभा पाइप लावून ‘फर्स्ट फ्लश केला’ असं सांगणारे प्लंबर भेटतात. त्यात जेमतेम ९ लिटर मावतं! साधा बायपास व्हॉल्व्ह आणि तो फिरवणारा जबाबदार माणूस जास्त उपयोगी.

पुढे गाळ बसायला टाकी, मग फिल्टरची टाकी: तळाला ४०–६० मिमीचे दगड, त्यावर २० मिमी खडी, वर बारीक खडी आणि सगळ्यात वर जाड वाळू. खडी-वाळू धुऊनच भरा, नाहीतर पहिल्याच दिवशी दगडाची भुकटी बोअरमध्ये जाते. वाळूखाली नायलॉन जाळी घातली की वाळू खाली सरकत नाही.

केसिंगला (बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपला) भोकं पाडून भोवती खडी भरण्याची पद्धत सर्रास दिसते. ती टाळा. भोवतालचं ड्रेनेजचं पाणी त्याच वाटेने आत शिरतं. गाळलेलं पाणी दीड इंची पाइपने बोअरच्या तोंडातून आत न्या. पाइपचं टोक पाण्याच्या पातळीखाली पण पंपाच्या वर ठेवा. उंचावरून पडणारं पाणी हवा घेऊन जातं आणि तिचे बुडबुडे भेगांमध्ये अडकतात. तोंडाला घट्ट झाकण हवं. पार्किंगचं, अंगणाचं किंवा एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचं) पाणी या पाइपला कधीही जोडू नका.

दर मे महिन्यात गच्ची झाडा, वाळूचा वरचा ५ सेंटिमीटर थर बदला. भर पावसात फिल्टरवर पाणी तुंबून राहिलं तर थर चोंदलाय; पावसाळा संपायची वाट न बघता वाळू काढा. हे पाणी पिण्यासाठी वापरायचं असेल तर पहिल्या मोठ्या पावसानंतर ई-कोलाय जिवाणूंची तपासणी करून घ्या.

पातळी मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजा. तुलना मात्र मेची मेशीच करा. ऑक्टोबरला पातळी वर येतेच, रिचार्ज केलं नाही, म्हणजे गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडलं नाही तरी.