सीडब्ल्यूएनएची तयारी, कूलरसकट

भाऊ, सीडब्ल्यूएनए म्हणजे वायफाय नेटवर्कची सर्टिफिकेट परीक्षा. आधी पेपरचा हिशोब समजून घ्या, ६० प्रश्न, ९० मिनिटं, पास व्हायला ७० टक्के, म्हणजे एका प्रश्नाला दीडच मिनिट, त्यामुळे डीबीचं (डेसिबल, सिग्नलची पॉवर किती पट वाढली-घटली ते सांगणारं माप) गणित बोटांवर यायलाच पाहिजे. ० डीबीएम म्हणजे १ मिलीवॅट. ३ डीबी वाढले की पॉवर दुप्पट, १० वाढले की दहापट, बस. २३ डीबीएम किती? दहापट, परत दहापट, मग दुप्पट, झाले २०० मिलीवॅट. रोज चहा पिता पिता अशी दहा गणितं करा, कॅल्क्युलेटर काढायचा नाही बरं.

पण नुसतं पाठ करून काही होत नाही. मी तर मे महिन्यात घरातच लॅब लावली, फोनवर वायफाय अ‍ॅनलायझर टाकलं अन् खोल्याखोल्यांतून फिरलो, कूलरच्या मागे गेलो की सिग्नल धपकन खाली. लोखंडी बॉडी सिग्नल परतवते, टाकीतलं पाणी अन् ओली खस शोषून घेते, रिफ्लेक्शन-अ‍ॅब्सॉर्प्शन मला तिथंच कळलं. आई म्हणे, हा कूलरला प्रदक्षिणा काऊन घालून रायला!

वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यामधे १, ६, ११ हेच चॅनल का, ते कागदावर काढा, चॅनल ५-५ मेगाहर्ट्झवर अन् सिग्नल २० रुंद, मग शेजारचे एकमेकांवर चढणारच.

शेवटी वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरचे संदेश पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर. बीकन फ्रेम, म्हणजे राउटर 'मी इथं आहे' सांगतो तो छोटा संदेश, उघडून बघा, साधारण १०२.४ मिलीसेकंदाला एक येते. लॅपटॉपचं वायफाय कार्ड मॉनिटर मोड (हवेतल्या सगळ्या फ्रेम ऐकायची सोय) देत नसेल तर नागपूरच्या सीताबर्डी बाजारात यूएसबी वायफाय अडॅप्टर शोधा, फक्त घ्यायच्या आधी चिपसेट, म्हणजे आतली मुख्य चिप, कोणती ते विचारा, ती हा मोड देते का बघा.