स्टेम सेल ट्रान्सप्लांटनंतर घरचे पोहे आणि घरचा थर्मामीटर

इंदूरच्या घरात स्टेम सेलचा, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचा, ट्रान्सप्लांट होऊन आलेला पेशंट पहिली फर्माईश पोह्यांचीच करतो. पोहे जरूर द्या, फक्त वरून काही भुरभुरू नका. धोका पोह्यांत नसून जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), कच्चा कांदा, कोथिंबीर आणि सुट्या शेवेत असतो. दळलेल्या मसाल्यात बुरशीचे बीजाणू असू शकतात. नवी प्रतिकारशक्ती उभी राहीपर्यंत तेच फुप्फुसात किंवा पोटात संसर्ग करतात. म्हणून जिरावण आणि बारीक चिरलेली कोथिंबीर कांद्याबरोबर फोडणीतच परता, मग पोहे घालून झाकण ठेवून दणदणीत वाफ आणा. ताटात वाफाळते वाढा. दोन तास बाहेर राहिलेले पोहे पेशंटला देऊ नका, चव कितीही चांगली असली तरी.

पाणी नर्मदेच्या नळाचे असो वा बोअरचे, खळखळून उकळल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. पेशंटच्या खोलीत खसचा कूलर नको. ओल्या जाळीत बुरशी वाढते.

डिजिटल थर्मामीटर उशाशी हवाच. ताप १००.४ फॅरनहाइट झाला, किंवा थंडी वाजून कापरे भरले, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी ट्रान्सप्लांट सेंटरला लगेच फोन करा. त्यांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका, त्याने ताप झाकला जातो.

टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या औषधाच्या पातळीची रक्ततपासणी असेल, त्या सकाळचा डोस सोबत न्या. रक्त दिल्यानंतरच घ्यायचा.