टाकलेला स्पेल अटॅक आहे की नाही, हे कसं ठरवायचं?

सोयाबीनची सवंगणी आटोपली की आमच्याकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या काल्पनिक साहसांच्या खेळाचे डाव रंगतात, आणि स्पेलवरून, म्हणजे जादूच्या मंत्रावरून, हा वाद हमखास निघतो: "आगीच्या गोयानं चार गोब्लिन भाजले, अन् थो अटॅक नाही? काऊन भाऊ?"

किती लागलं, किती मेले, हे आधी बाजूला ठेवा. वीस बाजूंचा फासा कोण टाकतो ते पाहा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत, स्पेल टाकणारा समोरच्याच्या एसीविरुद्ध (त्याला फटका लागणं किती कठीण, तो आकडा) अटॅक रोल करत असेल, म्हणजे फटका लागतो का ते पाहायला फासा टाकत असेल, तर तो अटॅक. फायर बोल्ट हा स्पेल असा आहे. फायरबॉलमध्ये, म्हणजे त्या आगीच्या गोळ्यात, फासा समोरचे टाकतात, डेक्स्टेरिटी सेव्हसाठी, म्हणजे चपळाईने वाचण्यासाठी. म्हणून तो अटॅक नाही. मॅजिक मिसाईलला तर अटॅक रोलही नाही, सेव्हही नाही. तीन बाण थेट लागतात. तोही अटॅक नाही.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. वीस पडून क्रिटिकल (जास्त जोराचा फटका) होतो तो अटॅक रोललाच, फायरबॉलला कधीच नाही. शत्रू पाच फुटांवर उभा असेल तर फायर बोल्ट डिसअ‍ॅडव्हान्टेजने (दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा) टाकावा लागतो, फायरबॉलला ती अडचण नाही. ब्लेस या मदतीच्या स्पेलचा जादा डी४ (चार बाजूंचा फासा) फायर बोल्टच्या रोलमध्ये मिळवता येतो. फायरबॉल टाकताना तो तुमच्या कामाचा नाही.

मग ज्या स्पेलवरून भांडण पेटलं, त्याचं वर्णन शेवटपर्यंत वाचा. निम्मे वाद इथेच मिटतात. इन्व्हिजिबिलिटी, म्हणजे गुप्त करणारा स्पेल, अटॅक केल्यावर संपते, तशीच कुठलाही स्पेल टाकल्यावरही संपते. त्यामुळे गुप्त राहून फायरबॉल टाकणाऱ्याने "हा अटॅक नाही" अशी कितीही वकिली केली तरी तो दिसणारच. जखमी मित्राला बरं करणारा स्पेल टाकला तरी दिसणार. सँक्चुअरी या हल्ल्यापासून राखणाऱ्या स्पेलचं तसं नाही: तिच्या आडून मित्राला बरं केलं तर ती टिकते, शत्रूवर परिणाम करणारा स्पेल टाकला की गेली.

पुस्तक कोणतं तेही विचारा. मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये सगळ्या आवृत्त्यांची खिचडी असते. २००३ च्या ३.५ आवृत्तीत इन्व्हिजिबिलिटीपुरता अटॅकचा अर्थ मोठा होता: शत्रूवर रोखलेला किंवा शत्रू ज्याच्या टापूत येतो तो स्पेलही अटॅकच. पण शत्रू पुलावर असताना पुलाचे दोर कापले, तर तो अटॅक नव्हता!

घरचा स्पेल बनवत असाल तर अटॅक रोल की सेव्ह, हे तेव्हाच वहीत लिहा. माझा हिशेब असा: चिलखताने वाचता येत असेल तर अटॅक रोल, चपळाईने किंवा मनाच्या जोरावर वाचता येत असेल तर सेव्ह. झोटिंगाची थप्पड एसीविरुद्ध. चकव्याला विस्डम सेव्ह. आणि चकवा लावणारा त्या वेळी गुप्त असेल तर तो दिसायला लागेल, कारण अटॅक नसला तरी त्याने स्पेल टाकलाच.