मंगळागौरीचे खेळ म्हणजे पूर्ण व्यायाम, पण सहा आठवडे आधी सुरू करा

श्रावण आला की कोणाकडे मंगळागौर, कुठली नऊवारी यावरच चर्चा होते आणि मग वर्षभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या आपण एकाच रात्रीत झिम्मा, फुगडी, पिंगा सगळं खेळतो आणि सकाळी जिना उतरताना मांड्या भरून येतात. खेळ अवघड नाहीत गं, अंगाला सवय नसते एवढंच.

पहिले दोन आठवडे फक्त झिम्मा. टाळ्या, वाकणं, पुढेमागे पावलं, आणि तोंडाने गाणं हवंच, कारण दम किती लागलाय ते त्यावरूनच कळतं. बोलता येतंय पण गाता येत नाहीये, असं झालं की मध्यम व्यायाम चाललाय समजा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना असा व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटं करायला सांगते, म्हणजे रोज अर्धा तास आणि दोन दिवस सुट्टी.

मग फुगडी. जोडीदारीण साधारण आपल्याच वजनाची बघा. हातांची कात्री करून घट्ट धरा, दोघींचे चवडे जवळजवळ, कोपर सरळ, अंग मागे झुकलेलं आणि पावलं अगदी छोटी. दंड, पोट, पोटऱ्या सगळ्यांना काम लागतं. चक्कर येते कारण आपण थांबलो तरी कानाच्या आतल्या नळ्यांमधला द्रव थोडा वेळ फिरतच राहतो, म्हणून हात झटकन सोडू नका (पडतात ते बहुतेक इथेच!), वेग कमी करत थांबा आणि एका जागी नजर लावा.

बसफुगडी सगळ्यात शेवटी. गुडघे दुखत असतील तर नकोच, आणि दिवस गेलेले असतील किंवा बीपी, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आजी, मावश्यांना मात्र प्रेक्षक करून बसवू नका प्लीज. खुर्चीत बसून झिम्म्याच्या टाळ्या, टिपऱ्या जमतात, आणि जुनी गाणी त्यांनाच पाठ असतात. न्यूयॉर्कमधल्या ७५ वर्षांपुढच्या लोकांवरच्या, २००३ साली छापलेल्या एका अभ्यासात नाचणाऱ्यांमध्ये डिमेन्शिया कमी दिसला होता. नाचामुळेच कमी झाला असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण गाणं, ताल, पावलं एकदम सांभाळायची म्हणजे डोक्यालाही काम आहेच ना.

आणि त्या रात्री पुरणपोळी खेळ झाल्यावर खा, आधी नको. नऊवारी घोट्याच्या वर नेसा आणि फरशीवर सांडलेलं पाणी लगेच पुसा.