सी भाषेतली कंपायलरची वॉर्निंग कास्ट मारून गप्प करू नका

इंट (पूर्णांक) आणि पॉइंटर (मेमरीतला पत्ता) यांची वॉर्निंग दिसली की कंसात टाइप लिहायचा, म्हणजे कास्ट मारायचा, ओळ गप्प झाली की पुढची फाइल उघडायची. नव्या मुलांना ही सवय कोण लावतं ठाऊक नाही, निस्तरावं मात्र मला लागतं.

एका टीमने जुना प्रोग्राम नव्या सर्व्हरवर हलवला आणि तो सुरू होताच सेगफॉल्टने (चुकीच्या पत्त्याला हात लावल्याच्या क्रॅशने) आडवा. आधी वर्षानुवर्षं नीट चाललेला, म्हणून सगळ्यांचं बोट नव्या लिनक्सकडे. गोची होती एका स्ट्रडपमध्ये, म्हणजे मजकुराची प्रत करून तिचा पत्ता देणाऱ्या फंक्शनमध्ये. बिल्ड कडक सी-९९ (सीचं १९९९चं प्रमाण) मोडमध्ये, आणि त्या मोडमध्ये ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीची स्ट्रिंग हेडर हे फंक्शन जाहीरच करत नाही. मग जीसीसी हा कंपायलर धरून चालतो की ते इंट परत करतं. ६४ बिटांच्या पत्त्यातले खालचे ३२ तेवढे हाती लागतात. कंपायलर ओरडत होता. कुणीतरी आधी कॅर-पॉइंटरचा कास्ट लावला, तेव्हा 'साइझ वेगळी आहे' अशी नवी वॉर्निंग आली. म्हणून मध्ये लाँगचा आणखी एक. उरलेली 'इम्प्लिसिट डिक्लरेशन'ची (फंक्शन जाहीर न करताच वापरल्याची) वॉर्निंग जुनीच म्हणून सोडून दिली. खरा रोग तोच होता! जुना बिल्ड पीआयई (कुठल्याही पत्त्यावर लोड होऊ शकणारा) नव्हता, हीप (चालू असताना मागितलेली मेमरी) खालच्या पत्त्यांवर असायचा, वरचे बिट तसेही शून्य. म्हणून खपत होतं. नव्या डिस्ट्रोत (लिनक्सच्या आवृत्तीत) पीआयई आपोआप चालू, म्हणून हीप वरच्या पत्त्यांवर गेला. जीडीबी या डीबगरमध्ये बारा हेक्स अंकी पत्त्याचे शेवटचे आठच उरलेले दिसले. उपाय एवढाच: मोड जीएनयू-९९ (स्ट्रडप जाहीर करणारा सैल सी-९९) करा आणि दोन्ही कास्ट खोडा. २०२४च्या जीसीसी १४ने अशा कोडला थेट एरर द्यायला सुरुवात केली. उशिरा का होईना, बरं झालं.

पॉइंटर पूर्णांकात ठेवायचाच असेल तर इंटपीटीआर-टी (पत्ता मावेल असा पूर्णांक टाइप) वापरा. लाँगवर भिस्त नको: ६४ बिटी विंडोजवर तो ४ बाइटचाच असतो. थ्रेडला लूपचा आकडा पॉइंटरच्या जागी देतानाही हेच.

साइझ-टी (आकारमानाचा, उणे न होणारा म्हणजे अनसाइन्ड टाइप) प्रिंटएफने छापायला टक्के-झेडयू. टक्के-डी नाही.

साइझ-टीने उलटा लूप चालवून 'आय शून्यापेक्षा मोठा किंवा समान' लिहिलंत तर तो कधीच थांबत नाही. साइन्ड-अनसाइन्ड तुलनेत उणे एक हा प्रचंड आकडा होतो, आणि सीमध्ये डब्ल्यू-ऑल हा वॉर्निंग चालू करणारा पर्याय त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, डब्ल्यू-एक्स्ट्रा लागतं. 'ऑल' लावलं म्हणजे सगळं आलं असं मानणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

मी पहिली वॉर्निंग आधी सोडवतो. खालच्या बऱ्याच तिच्याच पोटी आलेल्या असतात. डब्ल्यू-एरर (वॉर्निंगलाच एरर ठरवणारा पर्याय) माझ्या मशीनवर कायम चालू, पण सोर्स दुसऱ्याला देताना काढतो, कारण त्याचा नवा कंपायलर नवी वॉर्निंग काढणार आणि बिल्ड विनाकारण मोडणार.