जेवणाच्या वेळा बदलून वजन घटवताय? आधी या चुका टाळा

डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात दिवसातून दोनदाच जेवा, आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात दर दोन तासांनी थोडं खा. कोल्हापुरात रंकाळा तलावावर फिरायला येणारी मंडळी सोमवारी एक धरतात आणि गुरुवारी दुसरं. आहारतज्ज्ञ म्हणून मला रोज याच चुका निस्तराव्या लागतात.

सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे जास्त वेळा खाल्लं की मेटाबॉलिझम, म्हणजे शरीराचा कॅलरी जाळण्याचा वेग, वाढतो. अन्न पचवायला शरीर खाल्लेल्या कॅलरींच्या साधारण १० टक्के खर्च करतं. १८०० कॅलरी ६०० च्या तीन जेवणांत खा, नाहीतर ३०० च्या सहा. खर्च १८० च्या आसपासच राहतो. तो वाढवायचा तर ताटात डाळ, उसळ, अंडी, मासे वाढवा, कारण प्रथिनं पचवायला त्यांच्याच कॅलरींतले २० ते ३० टक्के जातात.

राजारामपुरीतल्या एक काकू तीन महिने सहा वेळा खात होत्या आणि वजन दोन किलो वाढलं होतं. "इवलंसं तर खातो की गं मी!" मी वही लिहायला लावली. अकराला मूठभर शेंगदाणे, चारला भडंग, रात्री ग्लासभर म्हशीचं दूध. शेंगदाणे ३० ग्रॅम धरले तरी १७० कॅलरी. 'थोडं भडंग' म्हणजे किती, ते त्यांना वाट्यांत ओतून दाखवायला सांगितलं, तर तीन वाट्या भरल्या. डब्यातून खाताना हे कळतच नाही. माझ्या घरी वाटीत काढून डबा फडताळात जातो, मगच पहिला घास. काकूंनी तेवढं केलं, तीन जेवणांवर आल्या आणि काटा उतरायला लागला.

दुसऱ्या चुकीचा मला राग येतो: मधुमेहाची गोळी चालू असताना डॉक्टरांना न विचारता सोळा तासांचा उपवास. आमच्या रंकाळ्यावर फिरायच्या ग्रुपमधल्या एका काकांनी नाश्ता सोडला, ग्लिमेपिराइड मात्र सवयीने घेतली. ही गोळी पोटात अन्न असो-नसो, इन्सुलिन वाढवतेच, आणि उपाशीपोटी रक्तातली साखर फार उतरते. दुसऱ्या फेरीला ते कठड्यावर बसले. शर्ट घामाने चिंब, हात थरथरत होते, जीभ जड झालेली. चहाच्या गाड्यावरून तीन चमचे साखर घेऊन पाण्यातून पाजली, तेव्हा पंधरा मिनिटांनी नीट बोलू लागले. आणि हे सगळं कशासाठी? चीनमधल्या ग्वांगझूत १३९ जणांना वर्षभर सारख्याच मर्यादित कॅलरी दिल्या. काहींनी सकाळी ८ ते दुपारी ४ मध्येच खाल्लं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नव्हतं. २०२२ मध्ये निकाल आला, वजन घटण्यात लक्षणीय फरक नव्हता.

वेळेला अर्थच नाही, असंही नाही. इन्सुलिन सकाळी जास्त चांगलं काम करतं, म्हणून रात्री साडेदहाचं भरपेट जेवण जड जातं. महाद्वार रोडवरच्या दुकानदारांना मी सांगते, भाकरी-भाजी सातलाच दुकानात खा, घरी गेल्यावर वाटीभर आमटी पुरे.

एकादशीची साबुदाणा खिचडी उपवासात मोजू नका.

आणि रविवारी तांबडा-पांढरा रस्सा ओरपून सोमवारी काट्यावर चढू नका. मिठाने अंगात पाणी धरलेलं असतं. मी गुरुवारी सकाळी उपाशीपोटी वजन घ्यायला लावते आणि चार गुरुवारांचे आकडे शेजारी मांडल्याशिवाय कुणालाही वेळापत्रक बदलू देत नाही.